लुगडे ओले होते तेव्हा

मनात नसताना लघवी किंवा शौच सुटणे हा एक स्वतंत्र विकार आहे. तो म्हातारपणाचा भाग नाही आणि स्वच्छतेची हयगय तर नाहीच. गळती थेंबभर असो की सगळे कपडे भिजवणारी असो, इच्छेविरुद्ध झालेली कोणतीही गळती वैद्यकशास्त्र या विकारात मोजते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खेड्यांत या दुखण्याला नाव नाही, पण त्याचे वर्णन करणारी वाक्ये आहेत. ‘लघवी धरवत नाही’, ‘खोकलं की सुटते’, ‘जाईपर्यंत दम निघत नाही’, ‘लुगडं ओलं होते’. शौचाच्या बाबतीत तेवढेही बोलले जात नाही. ‘पोट बिघडलं’ एवढ्यावर विषय संपतो. साठी ओलांडलेल्या कितीतरी स्त्रिया जुन्या लुगड्याच्या घड्या अंगाशी धरून दिवस काढतात, त्या घड्या कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा वेळी धुतात आणि घराच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवतात.

हे दुखणे किती जणींना असते? जगभरच्या मोजण्यांचे आकडे वेगवेगळे आहेत, कारण कोणी महिन्यातून एकदा सुटलेला थेंबही धरतो, तर कोणी रोज कपडे बदलावे लागणाऱ्यांनाच मोजतो. तरीही मोठ्या पाहण्यांचा कल एकच आहे. नॉर्वेत सुमारे २८ हजार स्त्रियांना विचारले तेव्हा चौघींपैकी एकीने लघवी सुटत असल्याचे सांगितले. अमेरिकेत २००५-०६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मध्यम किंवा तीव्र स्वरूपाची लघवीची गळती जवळजवळ १६ टक्के प्रौढ स्त्रियांत आढळली आणि शौचाची गळती ९ टक्के स्त्रियांत. हे सर्व वयांचे मिळून झाले. ऐंशी व त्यापुढच्या स्त्रियांचा आकडा वेगळा काढला तेव्हा लघवीची गळती तिघींपैकी जवळजवळ एकीला आणि शौचाची गळती पाचजणींपैकी एकीला होती. त्याच देशाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालानुसार, स्वतःच्या घरी राहणाऱ्या पासष्टीपुढच्या स्त्री-पुरुषांपैकी निम्म्या लोकांना या दोहोंपैकी काही ना काही होत होते, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त होते.

भारतात अशा मोजण्या कमी झाल्या आहेत. लखनौच्या एका रुग्णालयात तीन हजार स्त्रियांना विचारून केलेली पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २१.८ टक्के स्त्रियांना लघवी सुटण्याचा त्रास होता, म्हणजे पाचजणींपैकी एकीपेक्षा थोडे जास्त. चाळिशीनंतरचे वय, अनेक बाळंतपणे, गेलेली पाळी, जास्त वजन, मधुमेह, दमा आणि पान-तंबाखूची सवय या गोष्टी असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ४ हजार आणि गडचिरोलीची १० लाख ७३ हजार होती. दोन्ही मिळून स्त्रिया सोळा लाखांच्या घरात. राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास होते. तेच प्रमाण इथे लावले तर या दोन जिल्ह्यांत साठीपुढच्या सुमारे एक लाख साठ हजार स्त्रिया होतात. पाचातली एक एवढाच हिशेब धरला तरी संख्या तीस हजारांच्या वर जाते. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण चूक व्हायची असेल तर ती बहुधा कमी धरण्याचीच होईल, कारण साठीपुढे हा त्रास वाढत जातो.

प्रत्यक्ष मोजणी का हवी, हे याच जंगलपट्ट्याने जगाला दाखवून दिले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर काही वर्षांतच डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभारली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी स्त्रियांच्या आजारांची पाहणी केली. दवाखान्यात येईल तिला तपासायचे, अशी पद्धत त्यांनी ठेवली नाही. गावातल्या तेरा वर्षांपुढच्या सगळ्या स्त्रियांना बोलावले, तक्रार असो वा नसो. अशा ६५० स्त्रियांची तपासणी झाली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अधिक आजार होते आणि एकेकीला सरासरी ३.६. आपणहून तक्रार सांगणाऱ्या मात्र ५५ टक्केच होत्या. याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या तर फक्त ८ टक्के. त्या काळी स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जाई. आजार होते, पण विचारणारे कुणी नव्हते, म्हणून ते कुठल्याही नोंदवहीत नव्हते. पुढे राणी बंग यांनी या भागातल्या बायकांचे स्वतःच्या शरीराविषयीचे शब्द आणि समजुती ‘कानोसा’ या पुस्तकात मांडल्या. लघवी आणि शौचावरचा ताबा जाणे हे दुखणे आज नेमके त्याच जागी उभे आहे, जिथे १९८९ पूर्वी बाकीचे स्त्रीरोग होते.

हा ताबा मुळात राहतो कसा, ते पाहू. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीवर टेकलेले असतात आणि तिन्हींच्या वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. झोळी घट्ट असली की वाटा बंद राहतात. पिशवीत लघवी साचू लागली की मज्जातंतू मेंदूला कळवतात, मेंदू ‘थांब’ म्हणतो, आणि जागा मिळाली की तोच सोडायला सांगतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब असतो, पुरुषाचा त्याच्या चौपट-पाचपट. म्हणून झोळी जराशी सैल झाली तरी स्त्रीला त्याची झळ लगेच लागते. झोळीचा दोष असेल तर खोकताना, शिंकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी सुटते. मेंदू आणि पिशवी यांच्यातले बोलणे बिघडले असेल तर घाई एकदम येते आणि न्हाणीपर्यंत पोहोचण्याआधीच कपडे भिजतात. म्हाताऱ्या बायकांत पुष्कळदा दोन्ही प्रकार एकत्र असतात. तिसऱ्या प्रकारात पिशवी नीट रिकामीच होत नाही, भरून वाहते आणि दिवसभर थेंब थेंब गळत राहते. चौथ्या प्रकारात शरीरातली ही सगळी यंत्रणा धड असते, पण गुडघे उठू देत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही, आणि शौचालय अंगणाच्या टोकाला असते.

झोळी सैल होण्याचे सर्वांत मोठे कारण बाळंतपण. नॉर्वेच्याच पाहणीत पासष्टीच्या आतल्या स्त्रियांचा वेगळा हिशेब केला तेव्हा मूल न झालेल्या दहा टक्के स्त्रियांना लघवीच्या गळतीचा त्रास होता, सिझेरियन झालेल्या सोळा टक्क्यांना, आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्या एकवीस टक्क्यांना. यावरून सिझेरियनच बरे, असा अर्थ कुणी काढू नये. फरक आहे, पण एवढ्यासाठी पोट फाडून घेण्याइतका नाही, आणि पोट न फाडलेल्यांतही बहुसंख्य स्त्रिया कोरड्याच राहतात. गडचिरोलीच्या दृष्टीने प्रश्न बाळंतपण कसे झाले याचा आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्या बायकांची मुले १९७० आणि १९८० च्या दशकांत जन्मली. तेव्हा या जिल्ह्यात बाळंतपणे बहुतेक घरीच होत, सुईणीच्या हातून. पहिलटकरीण कोवळ्या वयाची, शरीराने लहान. कळा दीड-दोन दिवस चाललेल्या. खालची जागा फाटली तर टाके घालायला कोणी नाही. जखम आपोआप भरून येई, पण फाटलेला स्नायू भरून येत नाही. हीच फाट मागे गुदद्वाराच्या आवळत्या स्नायूपर्यंत गेली असेल, तर तिचा परिणाम कधीकधी तीस वर्षांनी शौचाच्या गळतीच्या रूपात दिसतो. तरुणपणी उरलेला स्नायू वेळ निभावून नेतो, पाळी गेल्यावर त्याचेही बळ ओसरते.

त्यानंतर येते काम. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. गुडघाभर चिखलाच्या बांधीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकून रोपे लावायची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता, बाकी वर्षभर सरपणाची मोळी आणि पाण्याचे हंडे. डोक्यावरचे ओझे उचलताना पोटातला दाब एकदम खाली येतो आणि तो सगळा त्या झोळीवर पडतो. बाळंतिणीला महिना-दीड महिन्याच्या आतच पुन्हा कामाला लागावे लागले, तर ताणलेली झोळी आवळण्याआधीच तिच्यावर ओझे येते. या भागात ‘अंग बाहेर येते’ ही तक्रार नेहमीची आहे, तिचे मूळही इथेच. गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरते आणि तिच्याबरोबर लघवीची पिशवीही ओढली जाते. काही स्त्रियांत उतरलेले अंग मूत्रमार्गाला दुमड घालते, त्यामुळे गळती थांबल्यासारखी वाटते आणि त्रास उलट्या बाजूने सुरू होतो : लघवी अडते, आणि अंग हाताने आत सारल्याशिवाय होत नाही.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते. चुलीच्या धुराने जडलेला जुना खोकला, दमा, क्षयानंतर उरलेला खोकला हे दिवसातून शेकडो वेळा झोळीला हिसका देतात. लखनौच्या पाहणीत दिसलेली तंबाखूची सवय इथेही आहे : खर्रा आणि तंबाखू या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर आहेत, बायकांतही. आणखी एक कारण या पट्ट्यात विशेष लक्षात ठेवायला हवे, ते म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तदोष बराच आढळतो. त्यात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते. लघवी जास्त होते, रात्री वारंवार उठावे लागते, आणि आधीच सैल असलेल्या शरीराला ते झेपत नाही. मधुमेहातही लघवीचे प्रमाण वाढते. म्हणून ‘लघवी सुटते’ म्हणणाऱ्या बाईची रक्तातली साखर तपासली गेलीच पाहिजे.

गळती सुरू झाली की बाई सर्वांत आधी पाणी तोडते. बाजारच्या दिवशी सकाळपासून घोटही घेत नाही, लग्नाला जायचे असेल तर आदल्या रात्रीपासून. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा, आणि त्यात हा उपास. उपाय म्हणून केलेली ही गोष्ट दुखणे वाढवते. लघवी घट्ट आणि जळजळीत होते, पिशवीला चिडवते आणि घाई आणखी वाढवते. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, मळ खडा होतो, आणि बद्धकोष्ठाने कुंथण्याचा दाब पुन्हा झोळीवरच येतो. पाणी तोडण्याइतकेच वाईट म्हणजे तासन्‌तास धरून ठेवणे. शेतात आडोसा नसतो, एसटीच्या प्रवासात थांबा नसतो.

रात्रीचा प्रश्न जंगलपट्ट्यात निराळा होतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या भागांत वाघ-बिबट्यांचा वावर गावांच्या शिवारापर्यंत आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. जिथे शौचालय घरापासून दूर आहे, किंवा आहे पण वापरात नाही, तिथे सत्तर वर्षांच्या बाईने रात्री तीनदा बाहेर जायचे म्हणजे साप, अंधार, पावसाचा चिखल आणि जनावर या सगळ्यांना तोंड द्यायचे. ती धरून ठेवते आणि अंथरूण भिजते. नाहीतर घाईने उठते, उंबऱ्याला अडखळते आणि कमरेजवळचे हाड मोडून घेते. म्हातारपणी असे हाड मोडले की कित्येकजणी पुन्हा चालत नाहीत. पलंगाशेजारी झाकणाची बादली किंवा मधे भोक पाडलेली लाकडी खुर्ची आणि वाटेत एक सौरदिवा, एवढ्याने हे पुष्कळदा टळते. यात कमीपणा वाटण्यासारखे काहीच नाही, आणि ही सोय म्हातारीने मागण्याआधी घरच्यांनी करायला हवी.

शौचाच्या गळतीत एक धोका असा आहे की तो घरच्यांना हमखास फसवतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार कमी हिंडणाऱ्या बाईच्या गुदाशयात कोरड्या मळाचा गोळा अडकतो. त्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपत राहतो आणि दिवसातून पाच-सहा वेळा कपडे खराब होतात. घरचे म्हणतात, ‘हगवण लागली’. मग जुलाब थांबवण्याच्या गोळ्या आणल्या जातात, खाणे तोडले जाते, आणि आतला गोळा आणखी पक्का होतो. खरा आजार बद्धकोष्ठ आहे, हे डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका हातमोजा घालून एका बोटाच्या तपासणीत ओळखू शकते. गोळा काढून टाकला की ‘हगवण’ त्याच दिवशी थांबू शकते. म्हणून चार-पाच दिवस नीट शौच न झालेल्या म्हाताऱ्या माणसाला एकाएकी पातळ होऊ लागले, तर तपासणीआधी जुलाबाची गोळी देऊ नये.

मळ अडकूच नये यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी इथल्या स्वयंपाकघरात आहेत. जवसाची चटणी, आंबाडी, तरोटा आणि पावसाळ्यातल्या इतर रानभाज्या, भाताबरोबर सालासकट डाळ आणि पुरेसे पाणी. जेवल्यानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते. त्यामुळे सकाळी काही खाऊन, कोमट पाणी पिऊन दहा मिनिटे बसायची सवय ठेवली तर शौचाची वेळ ठरून जाते. उकिडवे बसता येत नसेल तर खुर्चीवर बसून पायांखाली पाट ठेवावा, गुडघे कमरेच्या वर आले की कुंथावे लागत नाही.

हे दुखणे जीव घेत नाही, म्हणून ते किरकोळ समजले जाते. पण बाईचे जग ते घरापुरते करून टाकते. आधी लग्नकार्य सुटते, मग एसटीचा प्रवास, मग बचतगटाची बैठक, मग देऊळ. ती सर्वांत मागे, दाराजवळ बसू लागते. नातवंडाला मांडीवर घेताना बिचकते. वास येतो म्हणून तिचे अंथरूण पडवीत घातले जाते, कधी बोलून, कधी न बोलता. सुनेला धुण्याचा त्रास होतो हे खरेच आहे, आणि तिला दोष देऊन काही साधत नाही, कारण हा इलाज होणारा आजार आहे, हे तिलाही कुणी सांगितलेले नसते.

तपासणी साधी असते. किती वेळा सुटते, कशाने सुटते, रात्री किती वेळा उठावे लागते, एवढे प्रश्न. तीन दिवसांची नोंद ठेवली तर अर्धे निदान तिथेच होते. लिहिता न येणाऱ्या बाईने दोन वाट्या ठेवाव्यात. लघवीला गेल्यावर पहिलीत एक खडा टाकावा, कपडे भिजले तर दुसरीत. संध्याकाळी सुनेने किंवा नातीने खडे मोजून लिहावेत. दवाखान्यात लघवी आणि साखर तपासतात, अंग उतरले आहे का पाहतात आणि भरल्या पिशवीने खोकून दाखवायला सांगतात. बाईला लाज वाटते ती या शेवटच्या पायरीला. तपासणारी स्त्री असेल आणि आडोसा असेल, तर ही लाज पुष्कळ कमी होते. जळजळ, रक्त, ताप, पायांत नव्याने आलेली बधिरता किंवा अचानक पूर्ण अडलेली लघवी यांपैकी काही असेल, तर मात्र थांबू नये.

एका प्रकाराची ओळख वेगळी ठेवायला हवी. रात्रंदिवस, बसता-उठता, न थांबता लघवी गळत असेल, आणि हे एखाद्या अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झाले असेल, तर लघवीची पिशवी आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलेले असण्याची शक्यता असते. व्यायामाने ते बुजत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते, आणि ती मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते. अशा बाईने वीस वर्षे सोसले असेल तरी दुरुस्ती करता येते.

बाकीच्या बहुतेक जणींसाठी पहिला उपचार व्यायाम हाच. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. स्नायू ओळखण्याची खूण अशी : चारचौघांत असताना वात अडवायचा झाला तर जे आवळतो, ते आवळावे, आणि त्याच वेळी लघवीची वाटही आत ओढून घ्यावी. पोट, मांड्या, कुल्ले सैल राहिले पाहिजेत. श्वास चालू राहिला पाहिजे. मनात पाच आकडे मोजेपर्यंत धरावे, मग तितकेच सैल सोडावे. सुरुवातीला दोन आकड्यांतच स्नायू निसटतो, ते ठीक आहे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. तांदूळ निवडताना, चुलीपुढे बसल्या बसल्या, झोपण्याआधी पाठीवर पडून, कुठेही हे करता येते आणि शेजारी बसलेल्या माणसाला कळतही नाही. लघवी चालू असताना मधेच थांबवण्याचा सराव मात्र करू नये, त्याने पिशवी रिकामी होण्याची सवय बिघडते. व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या स्त्रियांची तुलना करणारे अनेक देशांतले प्रयोग एकत्र तपासले गेले आहेत. खोकल्याने लघवी सुटणाऱ्यांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झालो असे सांगितले, न करणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी. एवढा फरक दाखवणारी, फुकट मिळणारी औषधे थोडीच आहेत.

याच स्नायूची एक युक्ती लगेच उपयोगी पडते. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, किंवा हंडा उचलण्याच्या क्षणाआधी, तो स्नायू आवळून धरायचा. वयस्क स्त्रियांना हे शिकवल्यावर आठवडाभरातच खोकल्यातली गळती बरीच कमी झाली, असे १९९८ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले. घाईचा त्रास असेल तर पिशवीला वळण लावता येते. तासाभराने जावे लागत असेल तर घड्याळ लावून तासालाच जायचे, आठवड्याने तो काळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा, असे करत दोन-तीन तासांपर्यंत न्यायचे. मधे घाई आली तर पळू नये, जागच्या जागी बसून स्नायू आवळावा. घाईची लाट ओसरते, मग सावकाश उठावे. चहा कमी करावा. पाणी दिवसा पुरेसे प्यावे आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत आवरावे. रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ चालू असेल तर ती घेण्याची वेळ डॉक्टरांना विचारून सकाळची करून घ्यावी.

अंग उतरले असेल तर योनीत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची रिंग हा स्वस्त उपाय आहे. ती ठरावीक काळाने काढून, धुऊन पुन्हा बसवतात. शस्त्रक्रियेला शरीर तयार नसलेल्या म्हाताऱ्या बाईला तिने वर्षानुवर्षे आराम मिळू शकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनचे मलम योनीत लावायला दिले की घाई आणि जळजळ कमी होते. घाई कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्यातल्या काहींनी तोंड कोरडे पडते, मळ अडतो आणि फार वय झालेल्यांचा गोंधळ उडतो, त्यामुळे त्या डॉक्टरच्या नजरेखालीच घ्याव्यात. व्यायामाने न भागलेल्या, खोकल्याने होणाऱ्या गळतीवर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया १९९० च्या दशकापासून होते आहे. ‘गर्भपिशवी काढून टाका, सगळे थांबेल’ हा सल्ला मात्र केवळ लघवीच्या गळतीसाठी कुणी देत असेल तर तो घेऊ नये. गर्भाशय काढल्याने लघवीची गळती बरी होत नाही. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात तर गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढे गळतीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला.

अंथरुणाला खिळलेल्या बाईचा ताबा परत येईलच असे नाही. तिथे काम उरते ते तिची कातडी आणि तिचा मान राखण्याचे. दर दोन-तीन तासांनी आपणहून विचारून भांडे द्यावे, ओले कापड लगेच बदलावे, साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे आणि खोबरेल तेलाचा हात फिरवावा. घासून पुसल्याने कातडी फाटते आणि तिथेच पुढे जखम होते. मऊ सुती लुगड्याच्या घड्या उत्तम चालतात, फक्त त्या उन्हात खडखडीत वाळल्या पाहिजेत. लपवून सावलीत वाळवलेल्या घडीने बुरशी येते.

दवाखान्याचे अंतर या भागात नेहमीच मोठे असते. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटत आला आहे. भाषाही एक नाही : झाडीबोली, माडिया, गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी. अशा मुलखात हे दुखणे शोधून काढू शकेल अशी व्यक्ती गावातच आहे, ती म्हणजे आशा कार्यकर्ती. साठीपुढच्या माणसाला तोल जातो का, शौचालयाला जायला दुसऱ्याची मदत लागते का, हे तिच्या तपासणीच्या तक्त्यात विचारलेच जाते. त्या प्रश्नाला जोडून, बाईला एका बाजूला घेऊन, तिच्याच बोलीत ‘खोकताना कपडे ओले होतात का, घाई आली तर दम निघतो का, कधी संडास नकळत सुटते का’ हे तीन प्रश्न तिने विचारावेत. व्यायाम तिला एका बैठकीत शिकवता येतो. ज्यांना पुढे पाठवायचे, त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय आहे, गडचिरोलीत महिला व बाल रुग्णालय आहे, चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शोधग्रामला ‘सर्च’चे दंतेश्वरी रुग्णालय आणि हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. हे वाचणाऱ्याच्या घरी आई, सासू किंवा आजी असेल आणि ती अलीकडे प्रवास टाळत असेल, पाणी कमी पीत असेल, तर तिने सांगण्याची वाट न पाहता घरच्या एखाद्या बाईने तिला आजच विचारावे.